जठरातला जंतू, वडिलांचा कॅन्सर आणि तुमचा बायॉप्सी रिपोर्ट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. तुमचं वय ४१. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, जेवणानंतर फुगल्यासारखं वाटणं, म्हणून दुर्बिणीची तपासणी झाली. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी आल्या: एच. पायलोरी जंतू, जुनाट दाह, आणि जठराच्या खालच्या भागात थोडा ‘इंटेस्टायनल मेटाप्लेजिया’. तुमचे वडील ५८व्या वर्षी जठराच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या जुन्या रिपोर्टवर ‘डिफ्यूज टाइप, सिग्नेट रिंग सेल’ असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं की हा जंतू निम्म्या भारताच्या पोटात असतो, लक्ष देऊ नका. दुसऱ्यांनी चौदा दिवसांचा कोर्स लिहून दिला. त्यात तुमच्या वाचनात आलं की डिफ्यूज प्रकार जंतूमुळे होत नाही, तो घराण्यातून येतो. मग गोळ्या खाऊन उपयोग काय, असं तुम्ही विचारता.

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे, पश्चिम महाराष्ट्रात प्रॅक्टिस करतो, दुर्बीण हे रोजचं काम. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेत. या जंतूमुळे कॅन्सर होतो का? होत असेल तर कुठल्या प्रकारचा? आणि तुमच्या जठराचं अस्तर आज कुठल्या अवस्थेत आहे? पहिल्या दोनांची उत्तरं बऱ्यापैकी ठाम देता येतात. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या स्लाइडवर, किती तुकडे कुठून घेतले यावर आणि तुमच्या घराण्याच्या इतिहासावर अवलंबून आहे. ते इथून मला दिसत नाही, म्हणून तिथे मी फक्त काय विचारायचं ते सांगेन.

आधी भीतीचं माप ठरवू. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांना हा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो, आपल्याकडे त्याहून जास्त. बहुतेकांना तो लहानपणी घरातच लागतो आणि औषध घेतलं नाही तर आयुष्यभर राहतो. संसर्ग असलेल्या शंभरांपैकी साधारण एक ते तीन जणांना पुढे जठराचा कॅन्सर होतो. बाकीच्यांना होत नाही. तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं इथवर बरोबर आहे.

पण याच जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: संसर्ग झालेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, आणि ज्यांना जठराचा कॅन्सर होतो त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पोटात हा जंतू असतो किंवा होऊन गेलेला असतो. ‘लक्ष देऊ नका’ हा सल्ला पहिल्या वाक्यावर उभा आहे आणि दुसरं वाक्य विसरतो. ज्याचे वडील याच आजाराने गेले आणि ज्याच्या अस्तरात बदल दिसू लागलेत, त्याला तो सल्ला मी देणार नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येतो. जपानमध्ये नाओमी उएमुरा आणि सहकाऱ्यांनी १,५२६ रुग्णांचा सरासरी ७.८ वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या १,२४६ जणांना एच. पायलोरीचा संसर्ग होता, २८० जणांना नव्हता. निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. संसर्ग असलेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला, संसर्ग नसलेल्यांपैकी एकालाही नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा त्याच्या पुढचा आहे: त्या ३६ पैकी २३ जणांचा कॅन्सर इंटेस्टायनल प्रकारचा होता आणि १३ जणांचा डिफ्यूज. म्हणजे डिफ्यूज प्रकाराचा या जंतूशी संबंध नाही, हे तुम्ही वाचलेलं वाक्य चुकीचं आहे. संबंध आहे, फक्त तिथे पोचायची वाट वेगळी आहे. गोंधळ होतो तो त्या वाटेमुळे.

इंटेस्टायनल आणि डिफ्यूज ही विभागणी फिनलंडच्या पेक्का लाउरेन यांनी १९६५ मध्ये केली आणि आजही रिपोर्टवर तीच दिसते. इंटेस्टायनल प्रकारात कॅन्सरच्या पेशी एकमेकींना धरून ग्रंथींसारखे आकार करतात, गाठ किंवा व्रण तयार होतो. डिफ्यूज प्रकारात पेशी एकेकट्या सुटतात आणि जठराच्या भिंतीत पसरत जातात. पेशीच्या आत चिकट द्रव साठून केंद्रक एका कडेला ढकललं जातं, त्यामुळे ती सूक्ष्मदर्शकाखाली खड्याच्या अंगठीसारखी दिसते. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधलं ‘सिग्नेट रिंग’ म्हणजे हेच.

इंटेस्टायनल प्रकाराची वाट आपल्याला सगळ्यात नीट माहीत आहे. कोलंबियात जन्मलेले पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ यांनी ती पायरीपायरीने मांडली. आधी जंतूमुळे अस्तराला दाह होतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. मग काही जणांमध्ये आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर पातळ होतं. याला अॅट्रोफी म्हणतात. पुढे जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवू लागतं, तोच इंटेस्टायनल मेटाप्लेजिया. त्यातल्या थोड्यांमध्ये डिसप्लेजिया, म्हणजे पेशींची रचना बिघडणं, आणि अगदी थोड्यांमध्ये कॅन्सर. या प्रवासाला सहसा काही दशकं लागतात आणि बहुसंख्य माणसं मधल्याच पायरीवर आयुष्यभर थांबतात. तुमच्या रिपोर्टमधला मेटाप्लेजिया ही मधली पायरी आहे. तो कॅन्सर नाही आणि त्याचं कॅन्सर होईलच असंही नाही.

दाह जठराच्या कुठल्या भागात जास्त आहे यावरही बरंच ठरतं. ही गोष्ट रुग्णांना क्वचितच कोणी समजावून सांगतं, म्हणून जरा थांबून सांगतो. काही जणांत दाह मुख्यतः जठराच्या खालच्या टोकाला, अँट्रममध्ये असतो. तिथल्या दाहामुळे गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, वरचा भाग शाबूत असल्याने आम्ल भरपूर तयार होतं, आणि अशा माणसाला लहान आतड्याच्या तोंडाशी, ड्युओडेनममध्ये, अल्सर होतो. दुसऱ्या काही जणांत दाह वर सरकून जठराच्या मुख्य भागात, कॉर्पसमध्ये पसरतो. आम्ल बनवणाऱ्या ग्रंथीच झिजतात, आम्ल कमी पडतं, आणि कॅन्सरची जोखीम याच गटात जास्त असते. उएमुरांच्या अभ्यासात ड्युओडेनल अल्सर असलेले २७५ संसर्गित रुग्ण होते. त्यांच्यातल्या कोणालाही त्या काळात जठराचा कॅन्सर झाला नाही. एकच जंतू, पण दाहाची जागा बदलली की आजार बदलतो. एकाच घरात एका भावाला अल्सर आणि दुसऱ्याला कॅन्सर का, याचं थोडंफार उत्तर इथे मिळतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जंतू पोटात तसाच ठेवून वर्षानुवर्षं फक्त पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारख्या गोळ्या खात राहिलं तर दाह अँट्रममधून कॉर्पसकडे सरकतो, हे अभ्यासांमध्ये दिसलंय. जळजळ थांबते आणि माणूस निर्धास्त होतो. माझ्याकडे येणाऱ्यांत रोज सकाळी उपाशीपोटी ‘गॅसची गोळी’ घेणारे कितीतरी असतात आणि जंतूची तपासणी कधीच झालेली नसते. तुमचा जंतू सापडलाय. तो तसाच ठेवून आम्लाची गोळी चालू ठेवणं, हा पर्याय मी मुळीच सुचवणार नाही.

जंतू नेमकं करतो काय? तीव्र आम्लात कुठलाही जिवाणू टिकणार नाही असं डॉक्टर कित्येक वर्षं मानत होते. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो जठराच्या तुकड्यांतून वाढवून दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन आपल्याच जठरात दाह झाल्याचं सिद्ध केलं. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. हा जंतू युरिएज नावाचं विकर वापरून युरियापासून अमोनिया तयार करतो, भोवतीचं आम्ल मारतो आणि श्लेष्माच्या थरात राहतो. त्याच्या काही वाणांमध्ये कॅग-ए नावाचं प्रथिन असतं. जंतू ते सुईसारख्या रचनेतून थेट आपल्या पेशीत सोडतो, आणि तिथे ते पेशीच्या वाढीचे व एकमेकींना धरून राहण्याचे संदेश बिघडवतं. सगळ्या वाणांत ते नसतं, असलं तरी सगळ्यांत सारखं नसतं. जोखीम माणसागणिक बदलते याचं हे एक कारण. बाकीची कारणं म्हणजे माणसाची स्वतःची दाहाची प्रवृत्ती, धूम्रपान आणि खाण्यातलं मीठ.

आता डिफ्यूज प्रकार. इथे वर सांगितलेल्या पायऱ्या बहुधा दिसत नाहीत. जंतूचा दाह असतो, पण मेटाप्लेजियाच्या वाटेने न जाता पेशी थेट बिघडतात. मध्यवर्ती बिघाड ई-कॅडहेरिन या प्रथिनाचा असतो, जे शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं. ते गेलं की पेशी सुटतात. दीर्घकाळच्या दाहात हे प्रथिन बनवणारं जनुक मुकं होऊ शकतं. काही थोड्या घराण्यांमध्ये मात्र त्या जनुकातला, सीडीएच-१ मधला, दोष जन्मतःच असतो. तो १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांमध्ये सापडला. त्या घरांत तरुण वयात डिफ्यूज कॅन्सरने एकामागून एक माणसं जात होती. तुम्ही वाचलेला ‘घराण्यातून येणारा’ प्रकार हा. पण डिफ्यूज प्रकाराच्या सगळ्या रुग्णांमध्ये असे आनुवंशिक रुग्ण अगदी थोडे असतात.

तुमच्या घरी तो असण्याची शक्यता किती? एका ५८ वर्षांच्या माणसाला डिफ्यूज कॅन्सर होणं, एवढ्यावरून जनुक तपासणी सहसा सुचवत नाहीत. ती सुचवली जाते ती रुग्णाचं वय पन्नाशीच्या आत असेल तर, किंवा घरात जठराच्या कॅन्सरचे दोन किंवा अधिक रुग्ण असून त्यात किमान एक डिफ्यूज असेल तर, किंवा एकाला डिफ्यूज जठराचा आणि घरातल्या दुसऱ्या स्त्रीला सत्तरीच्या आत ‘लोब्युलर’ प्रकारचा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर. म्हणून आत्या, काका, आजी-आजोबा यांच्याबद्दल घरात नीट विचारा. आपल्याकडे ‘पोटात गाठ होती’, ‘अन्न जात नव्हतं, सुकत गेले’ एवढंच सांगितलं जातं. त्यावरही पुढचे प्रश्न विचारा. आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तो कुठल्या प्रकारचा होता, हा कागद शोधण्यासारखा आहे. यातलं काही जुळलं तर जनुकीय समुपदेशन देणाऱ्या मोठ्या कॅन्सर केंद्रात जा. सीडीएच-१ चा दोष निघाला तर फक्त जंतू मारून भागत नाही. तिथे विशेष देखरेख किंवा संपूर्ण जठर काढण्याचा विचार करावा लागतो. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, आणि बहुधा तुमचा नसेल.

जनुक आणि जंतू यांना आमनेसामने ठेवायची मात्र गरज नाही. जपानमधल्या मोठ्या अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, बीआरसीए किंवा तत्सम डीएनए-दुरुस्तीच्या जनुकात दोष असलेले आणि शिवाय संसर्ग असलेले लोक पाहिले गेले. त्यांना ८५ वर्षांपर्यंत जठराचा कॅन्सर होण्याची जोखीम ४५.५ टक्के निघाली. संसर्ग आहे पण जनुकात दोष नाही, अशांमध्ये ती १४.४ टक्के. जपानमध्ये हा आजार मुळातच खूप जास्त आहे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. पण दिशा स्पष्ट आहे: घराण्यात काही असेल तर जंतू मारण्याचं महत्त्व वाढतं.

प्रकारांची यादी इथे संपत नाही, पण बाकीचं तुमच्या प्रश्नापासून दूर आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथला, म्हणजे कार्डियाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांत लठ्ठपणा आणि आम्ल वर येण्याशी जास्त जोडलेला आहे, जंतूशी तितका नाही. जठराच्या साधारण एक-दशांश कॅन्सरमध्ये एपस्टाइन-बार हा विषाणू सापडतो. आणि एक प्रकार असा आहे ज्याबद्दल बोलताना मला आजही नवल वाटतं, तो माल्ट लिम्फोमा. हा अस्तराचा नसून तिथे दाहामुळे जमलेल्या लसिका पेशींचा कॅन्सर आहे. लंडनमधल्या पीटर आयझॅकसन, अँड्र्यू वॉदरस्पून आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की फक्त जंतू मारल्यावर ही गाठ विरघळते. आजही सुरुवातीच्या अवस्थेतल्या माल्ट लिम्फोमावर पहिला इलाज अँटिबायोटिकचा कोर्स हाच असतो आणि बहुतेक रुग्णांना तो पुरतो. काही गाठींमध्ये गुणसूत्रांची एक विशिष्ट अदलाबदल झालेली असते, त्या बधत नाहीत. तिथे रेडिएशन वगैरे लागतं. हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की जंतू आणि कॅन्सर यांच्या कार्यकारणाचा याहून सरळ पुरावा मिळणं अवघड आहे.

तुम्ही असंही विचारलंय की संसर्ग इतका असून आपल्याकडे जठराचा कॅन्सर जपानइतका का नाही. प्रश्न चांगला आहे आणि पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. भारतात सगळीकडे चित्र सारखंही नाही. मिझोराममध्ये, विशेषतः ऐझॉल जिल्ह्यात, हा आजार देशात सर्वाधिक आढळतो. तिथे धुरावर वाळवलेलं खारं मांस, आंबवलेली डुकराची चरबी म्हणजे सा-उम, स्थानिक विडी आणि तंबाखूच्या धुरातून काढलेलं तुइबुर नावाचं पाणी, यांचा संबंध अभ्यासांत दिसला. दक्षिणेत चेन्नईकडेही प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे जंतू जमीन तयार करतो, पण मीठ, धूर, तंबाखू आणि जंतूचा वाण मिळून पुढचं ठरतं. महाराष्ट्रातल्या सरासरी आकड्यावरून तुम्ही मात्र दिलासा घेऊ नये. सरासरी तुमच्या घराण्याची नाही. सख्ख्या नात्यात हा आजार झालेल्याची जोखीम इतरांपेक्षा साधारण दोन-तीन पट धरतात.

तर उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर नेमक्या तुमच्यासारख्या माणसांवर केलेल्या अभ्यासात आहे. कोरियात जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांमधले, संसर्ग असलेले लोक घेतले. निम्म्यांना खरा कोर्स दिला, निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या. सुमारे नऊ वर्षांनी पहिल्या गटात १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, दुसऱ्या गटात २.७ टक्के. जोखीम निम्म्याहून कमी झाली. ज्यांचा जंतू खरोखर गेला त्यांच्यात प्रमाण ०.८ टक्के होतं, ज्यांचा राहिला त्यांच्यात २.९ टक्के. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सगळ्या लोकसंख्येची तपासणी करून उपचार केले गेले, तिथेही नव्या रुग्णांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेला कोर्स घ्या, असंच माझं स्पष्ट मत आहे.

पण ‘निम्म्यावर’ म्हणजे ‘शून्यावर’ नव्हे. चीनमधल्या एका अभ्यासात, जो २००४ मध्ये आला, जंतू मारण्याचा फायदा ज्यांच्या अस्तरात अजून अॅट्रोफी किंवा मेटाप्लेजिया नव्हता त्यांच्यातच ठळक दिसला. पायऱ्या चढायला सुरुवात झाली असेल तर जंतू गेल्यावर दाह ओसरतो, अॅट्रोफी काही अंशी सुधारू शकते, मेटाप्लेजिया मात्र बहुधा तसाच राहतो. म्हणून तुमच्या बाबतीत कोर्स आणि देखरेख दोन्ही लागतील.

कोर्सबद्दल. तुम्हाला लिहून दिलेला चार औषधांचा, बिस्मथ असलेला कोर्स योग्य आहे. आपल्याकडे या जंतूने मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला बराच प्रतिकार मिळवलाय, त्यामुळे जुने सात दिवसांचे तीन औषधांचे कोर्स फसतात. चौदा दिवस पूर्ण करा. पाचव्या-सहाव्या दिवशी पोट हलकं वाटतं, तोंड कडू होतं, मळमळ होते, आणि अनेक जण तिथेच सोडतात. मग पुढच्या वेळी तीच औषधं चालत नाहीत. बिस्मथमुळे शौच काळी होते, घाबरू नका. मेट्रोनिडाझोलसोबत दारू अजिबात नको. टेट्रासायक्लिन दूध-दह्याबरोबर घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास. आधी कुठल्या कारणाने कुठली अँटिबायोटिक घेतली होती ते डॉक्टरांना सांगा, त्यावरून ते कोर्स बदलू शकतात. त्रास फार झाला तर फोन करा, परस्पर बंद करू नका.

मग जंतू गेला का ते तपासा. ही पायरी सर्वात जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते ती कोर्सइतकीच महत्त्वाची आहे. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबायचं, आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे आधी बंद ठेवायच्या, आणि श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटिजेन चाचणी करायची. श्वासाची चाचणी जंतूच्या त्या युरिएज विकरावरच चालते: खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात, जंतू असेल तर तो कार्बन श्वासातून बाहेर येतो. ती जवळ नसेल तर शौचाची चाचणी बहुतेक शहरांतल्या लॅबमध्ये होते. रक्तातली अँटिबॉडी चाचणी यासाठी करू नका. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षं पॉझिटिव्ह राहते, आणि लोक तिच्यापायी पुन्हा पुन्हा कोर्स घेतात.

देखरेखीसाठी तुमच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा. किती तुकडे घेतले आणि कुठून? योग्य पद्धत म्हणजे अँट्रममधून दोन, कॉर्पसमधून दोन आणि मधल्या वळणावरून एक, वेगवेगळ्या बाटल्यांत. तुमच्या रिपोर्टवर फक्त ‘अँट्रम’ लिहिलंय, म्हणजे कॉर्पसचं काय हे कोणालाच ठाऊक नाही. वर सांगितल्याप्रमाणे खरी जोखीम तिथून ठरते. दुसरं, मेटाप्लेजिया ‘कम्प्लीट’ की ‘इन्कम्प्लीट’? इन्कम्प्लीट जास्त जोखमीचा. तिसरं, डिसप्लेजिया नाही हे स्पष्ट लिहिलंय का? कॉर्पसचे तुकडे घेतलेच नसतील तर जंतू गेल्याची खात्री झाल्यावर, दाह ओसरला की, एकदा व्यवस्थित दुर्बीण करून घ्या. मेटाप्लेजिया फक्त अँट्रमपुरता निघाला तरी वडिलांच्या इतिहासामुळे मी तुम्हाला साधारण तीन वर्षांनी पुन्हा बोलावेन. कॉर्पसमध्येही पसरलेला असेल तर एक-दोन वर्षांनी. डिसप्लेजिया निघाला तर हे वेळापत्रकच बाजूला, लगेच अनुभवी केंद्रात.

डिफ्यूज प्रकारासाठी दुर्बिणीची एक मर्यादा सांगायला हवी. तो अस्तराखालून पसरतो, त्यामुळे वरून कधी कधी फारसं काही दिसत नाही, तुकडाही नकारात्मक येऊ शकतो. हवा भरली तरी जठर नीट फुगत नाही, एवढीच खूण असते. म्हणून मागची दुर्बीण नॉर्मल होती या भरवशावर लक्षणं अंगावर काढू नका. थोडंसं खाऊन पोट गच्च होणं, कारण नसताना वजन उतरणं, वारंवार उलट्या, बिस्मथ चालू नसताना काळी शौच, गिळायला अडचण, हिमोग्लोबिन कमी होत जाणं: यातलं काहीही झालं तर तीन वर्षांची वाट पाहू नका.

खाण्याबद्दल तुम्ही तिखट सोडलंय. तिखटाने जळजळ वाढत असेल तर कमी करा, पण जठराच्या कॅन्सरच्या पुराव्यात मिठाचं वजन जास्त आहे. रोजच्या ताटात लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी किती असते ते बघा. सिगारेट-विडी असेल तर बंद, तंबाखू आणि मिश्रीही. ताजी फळं आणि भाज्या वाढवा. दही, ओवा, जिरेपाणी यांनी बरं वाटत असेल तर घ्या, त्यांनी हा जंतू मरत नाही.

घरच्यांचं. तुमची भावंडं सज्ञान असतील तर त्यांनीही जंतूची चाचणी करून घ्यावी, लक्षणं नसली तरी. तीच आई, तेच घर, तेच बालपण, आणि तेच वडील. पॉझिटिव्ह निघाली तर उपचार, आणि चाळिशीच्या आसपास असतील तर एकदा दुर्बीण. पत्नीला लक्षणं असतील तर तिचीही चाचणी करा. लहान मुलांची, त्रास नसेल तर, आत्ता करत बसू नका. मोठी झाल्यावर त्यांच्या आजोबांचा इतिहास सांगून करून घेता येईल.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘बाबांना दहा वर्षं अॅसिडिटी होती, तेव्हा आम्ही हे तपासलं असतं तर?’ हा प्रश्न मला अनेक मुलं विचारतात. डिफ्यूज कॅन्सर लवकर सापडणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं, आणि दहा वर्षांची जळजळ ही आपल्याकडे लाखो माणसांची तक्रार आहे. त्यातून कोणाला कॅन्सर होणार हे तेव्हा घरच्यांना ओळखता येणं शक्य नव्हतं. त्याचा भार स्वतःवर घेऊ नका.

त्यांच्याबाबत एक गोष्ट मात्र आजही करता येते. ऑपरेशन किंवा बायॉप्सी जिथे झाली त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात त्यांच्या तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक अजून असू शकतात. बऱ्याच ठिकाणी ते अनेक वर्षं जपतात. जुना रिपोर्ट नंबर घेऊन जा, लेखी अर्ज द्या आणि ब्लॉक किंवा स्लाइड मागा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून घेता येईल की कॅन्सर खरोखर डिफ्यूजच होता की मिश्र, शेजारच्या अस्तरात मेटाप्लेजिया होता का, जंतूच्या खुणा दिसतात का. घराण्यातली बाकी माहिती जनुक तपासणीकडे बोट दाखवत असेल तर त्यासाठीही हा ब्लॉक उपयोगी पडतो. तुमचा कोर्स आजच सुरू करा. ब्लॉक मिळायला वेळ लागेल, त्यासाठी गोळ्या थांबवू नका.